बुऱ्हाणपूरचे नालायक चिरंजीव

शाहजादा दानियालला दारू मिळू द्यायची नाही, अशी सक्त ताकीद अकबराने बुऱ्हाणपुरात धाडली होती. ती पाळून घेण्याचं काम खानखानान अब्दुर्रहीम याच्याकडे होतं. तो दानियालचा पालकही होता आणि सासराही. पहारे बसले. तेव्हा दानियालने मुर्शिदकुली नावाच्या आपल्या बंदूकबाजाला गळ घातली, आणि त्याने बंदुकीच्या नळीत भरून दारू आत नेली. दुबार गाळलेली, कडक. नळीतला गंज आणि बारुदीचा अंश तिच्यात उतरला. शाहजादा अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही. वय तेहतीस. बंदूक त्याची लाडकी होती, शिकारीची. तिला त्याने स्वतःच ‘यक्का व जनाजा’ असं नाव ठेवलं होतं. हिची गोळी लागली की थेट तिरडी, असा त्या नावाचा रोख.

ही हकीकत आपल्याला सांगतो दानियालचा थोरला भाऊ जहांगीर, आपल्या आत्मचरित्रात. सांगताना हळहळतो. पण याच ग्रंथात थोडं पुढे तो स्वतःबद्दल लिहितो की अठराव्या वर्षी अटकजवळ शिकारीत दमलेला असताना एका तोफचीने सुचवलं, पेला घ्या, शीण जाईल. (तिथेही सुचवणारा बंदूक-तोफांतलाच निघाला.) नंतर प्रमाण वाढत दिवसाला वीस पेल्यांवर गेलं, चौदा दिवसा आणि सहा रात्री. हात इतके थरथरू लागले की पेला दुसऱ्याने तोंडाशी धरावा लागे. हकीम हुमामने सहा महिन्यांची मुदत सांगितली तेव्हा कुठे तो कमी करायला लागला. धाकटा भाऊ गेला, हा वाचला. दोघांत फरक एका हकिमाचा आणि थोड्या नशिबाचा.

‘आजकालची पोरं बिघडली’ हे वाक्य तपासून पाहणं सहसा जमत नाही. म्हणणारा आपल्या आठवणीच्या भरवशावर बोलतो आणि ज्याच्याबद्दल बोलतो त्या पोराचं म्हणणं कुठे नोंदलेलं नसतं. बुऱ्हाणपूर हा त्याला अपवाद. तापीच्या उत्तर काठावरचं हे शहर अकबराने खानदेश घेतल्यावर मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचं ठाणं झालं. अकबरापासून औरंगजेबापर्यंतच्या चार बादशहांनी आपली मुलं इथे पाठवली आणि मग त्यांच्याबद्दल तक्रारी केल्या. त्या तक्रारी आत्मचरित्रांत, पत्रांत, दरबारी इतिहासांत उतरल्या. काही मुलांनी उत्तरंही दिली, आणि तीही शिल्लक आहेत. पिढी खरंच ढासळते की काय, हे पाहायला याहून बरं दफ्तर सापडणं अवघड.

दारूपासूनच सुरुवात करू, कारण तक्रारींत ती सगळ्यात पुढे असते.

अकबराचे दोन मुलगे दारूने गेले. मुराद १५९९ मध्ये दख्खनच्या मोहिमेवर, आणि दानियाल अकबराच्या शेवटच्या दिवसांत. थोरल्या सलीमचं, म्हणजे जहांगीरचं, वर आलंच. म्हणजे अकबराची पिढी कडक आणि पोरं व्यसनी? अकबराचा सावत्र भाऊ मिर्झा हकीम १५८५ मध्ये काबुलात दारूनेच मेला, हे मग विसरावं लागेल. आजोबा बाबर तर इतका पीत असे की १५२७ मध्ये खानव्याच्या लढाईआधी त्याला सैन्यासमोर पेले फोडून शपथ घ्यावी लागली.

आता खाली उतरू. जहांगीरचा मुलगा खुर्रम, पुढचा शाहजहान. जानेवारी १६१६ मध्ये अजमेरला त्याची वाढदिवसाची तुला झाली. चोविसावं वर्ष लागेपर्यंत या मुलाने दारूला तोंड लावलं नव्हतं, आणि बापाला ते खटकत होतं. जहांगीर स्वतःच लिहितो की मी त्याला म्हटलं, बाबा, तू आता मुलाबाळांचा बाप झालास, राजे आणि राजपुत्र पीत आलेले आहेत, सणासुदीला घेत जा, मात्र बेताने. आधाराला त्याने इब्न सीनाचं नाव घेतलं. मोठ्या आग्रहाने मुलाला पाजली. पाच वर्षांनी दख्खनच्या वाटेवर चंबळेच्या काठी त्याच मुलाने दारूसाठा नदीत ओतायला लावला आणि सोन्याचांदीचे पेले फोडून गरिबांना वाटले. दरबारी इतिहासकार खुशामत करणारच, तेव्हा या प्रसंगातली थोडी चमक वजा करू. तरी मूळ गोष्ट राहतेच, की इथे व्यसनी बाप आहे आणि मुलगा सोवळा.

त्याच वेळी बुऱ्हाणपुरात बसलेला जहांगीरचा दुसरा मुलगा परवेज नेमका उलटा. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरला जाताना बुऱ्हाणपुरात थांबला. शाहजाद्याला त्याने नजराणे दिले, त्यांत बाटल्यांची एक पेटी होती. पुढची खासगी भेट ठरली होती ती झालीच नाही, कारण शाहजादा त्या बाटल्यांत बुडाला होता. रोने आणखी एक नोंद केली की नाव शाहजाद्याचं असलं तरी कारभार खानखानानच पाहतो. १६२६ मध्ये परवेज याच शहरात वारला, आणि कारण पुन्हा तेच.

आणि खानखानान? दानियालवर पहारा ठेवणारा, बुऱ्हाणपुरात ज्याची हयात गेली, ज्याच्या काळात शहराला पाणी पुरवणारा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास खणला गेला, तो अब्दुर्रहीम. त्याचा कर्तबगार मुलगा इरज, किताब शहानवाज खान, मलिक अंबरला हरवणारा. १६१९ मध्ये तो बुऱ्हाणपुरातच अतिमद्यपानाने गेला. जहांगीर लिहितो की मी बापाला आधीच बजावलं होतं. वीस पेले पिणारा बादशहा एका बापाला मुलाच्या दारूबद्दल बजावतो! शहानवाजची कबर उतावळी नदीकाठी आजही उभी आहे. काळ्या दगडामुळे लोक तिला काला ताजमहाल म्हणतात. पर्यटक तिथे फोटो काढतात आणि मार्गदर्शक बहुतेकदा मुमताजची गोष्ट सांगतो, कारण तीही १६३१ मध्ये याच शहरात, चौदाव्या बाळंतपणात गेली. शहानवाज कशाने गेला हे फारसं कोणी विचारत नाही.

या दफ्तरात नावांनी फसायला होतं, म्हणून जाता जाता एक खुलासा. मुर्शिदकुली दोन आहेत. एक बंदुकीतून दारू नेणारा, दुसरा औरंगजेबाच्या वेळी दख्खनच्या जमीनमहसुलाची घडी बसवणारा दिवाण. शहानवाज तर तीन. एक हा, दुसरा औरंगजेबाचा सासरा, आणि तिसरा अठराव्या शतकात ‘मआसिरुल उमरा’ हा सरदारांचा चरित्रकोश लिहिणारा. पुढे तिघेही लागणार आहेत.

दारूचा ताळेबंद असा निघतो की चढती किंवा उतरती अशी रेघच निघत नाही. परवेज आणि खुर्रम एकाच बापाचे मुलगे, वयात दोन-अडीच वर्षांचं अंतर, एक दारूत बुडालेला आणि एक दारू नदीत ओतणारा. बापलेकांत जेवढं अंतर दिसतं त्याहून भावाभावांत जास्त आहे. पिढीवर शेरा मारणाऱ्याला हे आकडे गैरसोयीचे असतात, म्हणून तो एक मुलगा निवडतो आणि त्याच्या नावावर सगळ्या पिढीचं खातं उघडतो.

दुसरी तक्रार जुमानत नाहीत ही. इथे बुऱ्हाणपूरचं दफ्तर जास्तच बोलकं आहे.

अकबर १६०१ च्या जानेवारीत असीरगड घेऊन बुऱ्हाणपुरात होता. त्याला तिथे फार टिकता आलं नाही. सलीमने अलाहाबादेत स्वतंत्र दरबार मांडला होता, त्यामुळे त्या उन्हाळ्यात बादशहा आग्र्याकडे वळला. पुढच्या वर्षी दख्खनहून परतणारा अबुल फजल बीरसिंह बुंदेल्याकडून मारला गेला, सलीमच्या सांगण्यावरून. जहांगीरने हे पुढे उघड कबूल केलं आणि त्याचं समर्थनही केलं. पण आत्मचरित्रात स्वतःबद्दल तो काय लिहितो? की लोक मला बापाविरुद्ध लढायला चिथावत होते, मी ऐकलं नाही, बापाच्या वैरावर उभं राहिलेलं राज्य कसं टिकणार. हे उदात्त विचार त्याला स्वतःच्या मुलाने, खुस्रोने, १६०६ मध्ये बंड केलं तेव्हा आठवले.

खुस्रोचे डोळे अधू करण्यात आले. पुढे तो भावाच्या, खुर्रमच्या, ताब्यात दिला गेला आणि जानेवारी १६२२ मध्ये बुऱ्हाणपुरात त्याचा मृत्यू झाला. खुर्रमने कळवलं, पोटशूळ. इंग्रज व्यापाऱ्यांच्या आणि प्रवाशांच्या लिखाणात खुनाचा संशय आहे, आणि बहुतेक इतिहासकार तो ग्राह्य धरतात. त्याच वर्षी खुर्रमचं बापाशी बिनसलं आणि तो बंडावर गेला.

पाच वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १६१७ मध्ये, बुऱ्हाणपूरची मोहीम फत्ते करून आलेल्या याच मुलाला जहांगीरने मांडूला उठून छातीशी धरलं होतं, डोक्यावर जवाहीर उधळलं होतं, ‘शाहजहान’ हा किताब आणि तख्ताशेजारी बसायला आसन दिलं होतं. आता हुकूम निघाला की यापुढे त्याला ‘बेदौलत’ म्हणायचं, आणि या ग्रंथात जिथे बेदौलत असा उल्लेख येईल तिथे तो म्हणजे हाच समजायचा. त्याच भरात बादशहा लिहितो की मी याच्यासाठी काय काय केलं, आणि आता या आजारपणात, मला न मानवणाऱ्या उन्हात, अशा कृतघ्न मुलाच्या मागे घोडा दामटावा लागतो आहे. दम्याचा रोगी, पंचावन्नकडे झुकलेला. वाचताना कणव येते. मात्र १६०० मध्ये अलाहाबादला दरबार मांडणारा सलीम साधारण एकतीस वर्षांचा होता आणि बंड करणारा खुर्रमही एकतिशीतलाच. अकबरही तेव्हा अठ्ठावन्नचा होता, त्यालाही दख्खन सोडून उन्हातूनच आग्रा गाठावं लागलं होतं.

एक गोष्ट लेखणीबद्दल. आजारपणामुळे याच सुमाराला जहांगीरने रोजनिशीचं काम मुतमद खानाकडे सोपवलं. ‘बेदौलत’ची पुढची सगळी हकीकत मुतमदच्या हातची. १६२८ मध्ये बेदौलत तख्तावर बसला आणि मुतमद खान त्याच्याच चाकरीत वरच्या पदाला चढला.

खुर्रमचं बंड बुऱ्हाणपूरभोवतीच फिरत राहिलं. १६२३ मध्ये हरून तो इकडे आला, पुढे गोवळकोंड्यावरून बंगालपर्यंत गेला, परत येऊन मलिक अंबरच्या मदतीने बुऱ्हाणपूरला वेढा घातला. राव रतन हाडाने शहर दिलं नाही. १६२६ मध्ये शरणागतीच्या अटीत त्याला आपले दोन मुलगे जहांगीरकडे ओलीस पाठवावे लागले, दारा आणि औरंगजेब. औरंगजेब सात-आठ वर्षांचा होता. बापाविरुद्ध बंड म्हणजे काय, याचा पहिला धडा त्याला त्या वयात घरातूनच मिळाला.

१६५२ मध्ये औरंगजेबाने कंदाहारला घातलेला वेढा फसला. त्याने आणखी एक संधी मागितली. शाहजहानने लिहून कळवलं ते थोडक्यात असं की तुझ्यात ते करायची धमक आहे असं वाटलं असतं तर फौज परत बोलावलीच नसती. चौतिशीच्या मुलाला आणि दरबारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिथून त्याची रवानगी दख्खनला. १६५३ च्या सुरुवातीला तो बुऱ्हाणपुरात पोहोचला आणि जवळजवळ नऊ महिने तिथेच राहिला. बाप सारखा लिहीत होता, पुढे दौलताबादेला जा.

का राहिला, याचं उत्तर म्हणून हिराबाई झैनाबादीची गोष्ट सांगितली जाते. तापीपलीकडच्या झैनाबादच्या आहूखाना बागेत तिने उडी मारून आंबा तोडला आणि शाहजाद्याची शुद्ध हरपली. तिने पेला पुढे केला, तो प्यायला निघाला, तेव्हा तिनेच काढून घेतला. गोष्ट रंगतदार आहे, पण ती येते ‘मआसिरुल उमरा’मधून, म्हणजे शंभर वर्षांनी लिहिणाऱ्या तिसऱ्या शहानवाजकडून, आणि ‘अहकामे आलमगिरी’ या किश्शांच्या संग्रहातून, ज्याच्या लेखकाबद्दलच वाद आहे. हिराबाई होती, औरंगजेब तिच्यात गुंतला होता, एवढं धरायला हरकत नाही. पेल्याचा प्रसंग मी पुराव्यात धरत नाही.

त्याउलट आंब्याची दुसरी गोष्ट पत्रव्यवहारातली आहे, म्हणून भरवशाची. बुऱ्हाणपुरात शाहजहानच्या आवडीचं एक झाड होतं, ‘बादशाहपसंद’. त्याचे आंबे दरबारात कमी पोहोचले तेव्हा मुलानेच ते खाल्ले, असा बापाने ठपका ठेवला. दख्खनच्या चार सुभ्यांचा सुभेदार, आणि त्याला आंब्यांचा हिशेब द्यावा लागतो. ‘आदाबे आलमगिरी’तली त्या वर्षांची पत्रं वाचली की बाप मुलाच्या प्रत्येक कामात खोट काढतो आणि मुलगा अदबीने, पण आतून धुमसत, खुलासे लिहितो, असंच चित्र दिसतं. ‘तरुणांना टीका सहन होत नाही’ असं हल्ली फार म्हणतात. औरंगजेबालाही झाली नाही.

फेब्रुवारी १६५८ मध्ये तो फौज घेऊन पुन्हा बुऱ्हाणपुरात आला. महिनाभर थांबून मार्चमध्ये उत्तरेकडे निघाला. सासरा शहानवाज खान बादशहाविरुद्ध जायला तयार होईना, तेव्हा त्याला बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यात अडकवून ठेवलं. एप्रिलमध्ये धरमतची लढाई, मे महिन्यात सामूगढची, आणि जूनमध्ये बाप आग्र्याच्या किल्ल्यात कैद. कैदेतल्या बापाने पत्रांतून पितृद्रोहाचा आरोप केला तेव्हा औरंगजेबाने उलट विचारलं, तख्तावर येण्याआधी तुम्ही खुस्रो आणि परवेजचं काय केलंत? परवेजबद्दलचा आरोप पुराव्याला टिकत नाही, तो आपल्याच बाटलीने मेला. पण मुलाने बापाच्या पिढीचं दफ्तर काढलं ते बरोबर बुऱ्हाणपूरच्या पानावर, हे महत्त्वाचं.

आता तेवीस वर्षं पुढे. जानेवारी १६८१ मध्ये औरंगजेबाचा लाडका मुलगा अकबर राजपुतान्यात बंड करून उठला, फसला, आणि दख्खनेत संभाजीराजांच्या आश्रयाला आला. त्याच जानेवारीच्या अखेरीस मराठ्यांनी हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली बुऱ्हाणपूरवर झडप घालून बहादुरपुरा आणि आजूबाजूचे पुरे लुटले. वर्ष संपायच्या आत, १३ नोव्हेंबरला, औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात दाखल झाला. तो पुन्हा उत्तरेत गेलाच नाही.

शाहजादा अकबराने बापाच्या पत्राला दिलेलं लांबलचक उत्तर फार्सी नकलांतून शिल्लक आहे, आणि जदुनाथ सरकारांनी ते इंग्रजीत आणलं. बापाने त्याला दुर्दैवी मार्गाला लागलास असं लिहिलं होतं. अकबर म्हणतो, या मार्गाचे गुरू आणि वाटाडे तर आपणच, बाकीचे आपल्या पावलांवर पाऊल ठेवून चालले आहेत, मग आपण निवडलेला मार्ग दुर्दैवाचा कसा? चोवीस वर्षांच्या मुलाचं हे उत्तर बिनतोड आहे.

पण त्याच पत्रात पुढे हा तरुण बंडखोर काय म्हणतो पाहा. पूर्वीच्या बादशहांच्या वेळी सगळं कसं आबाद होतं. आता खानदानी सरदारांना विचारत नाहीत, हलक्या कुळातले विणकर, साबणविके, शिंपी हुद्द्यांवर बसले आहेत. जगाच्या गालावरचा तीळ असं बुऱ्हाणपूर, ते उजाड झालं. चोविशीत ‘आमच्या आजोबांच्या वेळी’! याच बुऱ्हाणपुराबद्दल टॉमस रोने १६१५ मध्ये, म्हणजे ऐन ‘पूर्वीच्या’ काळात, लिहून ठेवलं होतं की शाहजाद्याचा वाडा, खानखानानचा वाडा आणि आणखी थोडी घरं सोडली तर बाकी सगळी मातीची खोपटं. ऱ्हासाची तक्रार म्हाताऱ्यांचीच मक्तेदारी आहे असं मानायचं कारण नाही. ज्याच्या हातून काहीतरी निसटलेलं असतं तो ती करतो.

बुऱ्हाणपुरातच १६४९ मध्ये जन्मलेल्या भीमसेन सक्सेनाचंही हेच. हा काही राजपुत्र नव्हता, दख्खनच्या फौजी हिशेबखात्यातल्या कायस्थ कारकुनाचा मुलगा आणि स्वतःही कारकून. सेतुमाधवराव पगडींनी फार्सी साधनं मराठीत आणली त्यामुळे तो मराठी वाचकालाही ओळखीचा आहे. आपल्या ‘दिलकुशा’ या ग्रंथात तो लिहितो की मनसबदार ठरलेली पथकं ठेवत नाहीत, जमीनदार शिरजोर झालेत, पूर्वीची शिस्त राहिली नाही. त्याच्या तक्रारींत मात्र हुद्दे, पथकं, पगार अशा मोजता येण्यासारख्या गोष्टी असतात, म्हणून इतिहासकार त्याला जास्त मानतात. पोरं बिघडली म्हणण्यापेक्षा पगार थकला म्हणणारा साक्षीदार केव्हाही बरा.

आता मराठी वाचकाच्या मनात एक नाव आलंच असेल. शाहजादा अकबर आणि संभाजीराजे एकाच सालातले, १६५७. दोघांनीही बापाचा गोट सोडला होता. संभाजीराजे डिसेंबर १६७८ मध्ये दिलेरखानाला मिळाले आणि वर्षभराने परतले. आणि त्यांच्या वाट्यालाही ‘थोर बापाचा बेछूट मुलगा’ हा शिक्का आला. तो कोणी मारला, हे पाहण्यासारखं आहे. सभासदाची बखर १६९७ ची, जिंजीत राजाराम महाराजांच्या आज्ञेने लिहिलेली. मल्हार रामराव चिटणिसाची बखर त्यानंतर शंभरहून जास्त वर्षांनी, आणि त्याचा पूर्वज बाळाजी आवजी याला संभाजीराजांनीच मृत्युदंड दिला होता. हा शिक्का पुढे मराठी नाटक-कादंबऱ्यांनी घासून चकचकीत ठेवला. १९६० मध्ये वा. सी. बेंद्रे यांचं चरित्र आलं, समकालीन कागद पुढे मांडले गेले, आणि नऊ वर्षं मोगली फौजांशी झुंजणारा, ‘बुधभूषण’ रचणारा राजा दिसू लागला. उलट टोकाचं देवत्वही आता काही जण चिकटवतात, तो वेगळा विषय. शिवाजीमहाराजांची तरुणपणची बाजू तरी काय होती? मे १६५८ मध्ये, सामूगढ झाली त्याच महिन्यात, विजापूरच्या अली आदिलशहाने शहाजीराजांना फर्मान धाडून आश्वासन दिलं की मुलाच्या अपराधांचा दोष तुमच्यावर नाही. दरबाराच्या लेखी तेही एक हाताबाहेर गेलेलं पोरच होतं.

मग ही सगळी मुलं एकसारखी का वागली? रक्त, वळण, संस्कार हे उत्तर दरबारी इतिहासकारांनी दिलं. त्याहून पटणारं उत्तर नियमात आहे. मोगलांत थोरल्याला गादी हा कायदा नव्हता. सगळ्या मुलांचा हक्क सारखा, म्हणजे बाप गेल्यावर एकच जिवंत राहणार. ज्याने बापाच्या हयातीत माणसं जोडली नाहीत, पैसा उभा केला नाही, तो भावाच्या हातून मरणार. आज्ञाधारक मुलगा हा त्या रचनेत मेलेला मुलगा. मुनिस फारुकी यांनी २०१२ च्या आपल्या ग्रंथात आणखी पुढे जाऊन दाखवलं की शाहजाद्यांच्या या चढाओढीने, अगदी बंडांनीही, साम्राज्य वाढायला मदतच झाली, नवनवे गट त्यामुळे मोगल सत्तेशी बांधले गेले. औरंगजेब १७०७ पर्यंत, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षापर्यंत जगला. त्याने मुअज्जमला आठ वर्षं कैदेत ठेवलं, मुलांना एकही सैल पाऊल टाकू दिलं नाही. मुअज्जम बादशहा झाला तेव्हा त्रेसष्टचा होता. ‘नंतरची पिढी दुबळी निघाली’ हे शाळेच्या पुस्तकातलं ठरलेलं वाक्य. जो त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत ‘मुलगा’ राहिला, त्याच्या दुबळेपणाचं खातं कोणाच्या नावावर टाकायचं?

आज ‘मिलेनियल’, ‘जेन झी’ अशी लेबलं लावून जे बोललं जातं, त्यात तुलनाच चुकीच्या जोडीची असते. पंचवीस वर्षांचा मुलगा आणि पंचावन्न वर्षांचा बाप समोरासमोर उभे केले की वयाचा फरक पिढीचा फरक म्हणून खपतो. एकतिशीतल्या खुर्रमशेजारी एकतिशीतला सलीम उभा केला पाहिजे, आणि त्यासाठी जुना कागद लागतो, आठवण चालत नाही. कॅलिफोर्नियातल्या जॉन प्रोत्स्को आणि जोनाथन स्कूलर या मानसशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये अमेरिकन प्रौढांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. जे स्वतः भरपूर वाचणारे, त्यांना हल्लीची मुलं वाचत नाहीत असं जास्त वाटत होतं. जे अधिकार मानणारे, त्यांना मुलं मोठ्यांचा मान ठेवत नाहीत असं. काहींना मुद्दाम खोटंच सांगितलं की तुमचं वाचन यथातथाच आहे, तर त्यांची मुलांबद्दलची तक्रारही सौम्य झाली. माणूस आपल्या आजच्या गुणांचा रंग आपल्या लहानपणाला देतो आणि त्याच्याशी समोरच्या पोराची तुलना करतो. वीस पेल्यांवरून सहावर आलेला जहांगीर शहानवाजच्या बापाला बजावतो, तेव्हा नेमकं हेच चाललेलं असतं.

फरक पडतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पॉवरलूमवर बसणारा किंवा रावेरच्या गाडीने जळगावला कॉलेजला जाणारा बुऱ्हाणपूरचा आजचा मुलगा बापापेक्षा वेगळ्या कामाचा, वेगळ्या बाजाराचा, वेगळ्या लग्नाच्या वयाचा विचार करतो. तो करतो कारण नियम बदलले. ते मोजता येतं आणि मोजावं. ‘वळण नाही’ हे मोजता येत नाही.

म्हाताऱ्या औरंगजेबाची मुलांना लिहिलेली छोटी पत्रं ‘रुकआते आलमगिरी’त जमा केलेली आहेत. मुअज्जम आणि आझम यांना तो कारभारावरून, बेफिकिरीवरून, चाकरांवरून रागावतो. आणि चांगला कारभार कसा असतो हे सांगताना वारंवार दाखला देतो तो ‘आलाहजरत’ यांचा. ते असं म्हणत, ते असं करत, त्यांच्या वेळी असं होतं. आलाहजरत म्हणजे शाहजहान, ज्याला त्याने आठ वर्षं आग्र्याच्या किल्ल्यात मरेपर्यंत कोंडून ठेवलं, तो बाप. एका पत्रात तर तो आझमला सांगतो की आलाहजरतांनी आपल्या चारही मुलांची पारख केली होती, एक सज्जनांचा वैरी, दोघे खाण्यापिण्यातले, आणि चौथाच तेवढा निश्चयी आणि दूरदर्शी. चौथा कोण, हे सांगायला नको. बापाच्या हयातीतला पत्रव्यवहार मात्र कंदाहारच्या टोमण्याचा आणि आंब्यांच्या ठपक्याचा आहे.

आंबे इथेही आहेत. आझमने काही आंबे पाठवून त्यांना नावं द्यायची विनंती केली, आणि बापाने दोन संस्कृत नावं दिली, ‘सुधारस’ आणि ‘रसनाविलास’. दुसऱ्या एका पत्रात थंडीत आझमकडे खाल्लेल्या खिचडीची आणि बिर्याणीची आठवण निघते. ती बनवणारा आचारी बादशहाने मुलाकडे मागितला होता, पण आझमने तो दिला नाही. तेव्हा त्या आचाऱ्याचा एखादा शागीर्द असेल तर तो तरी पाठव, असं हिंदुस्थानचा बादशहा मुलाला कळवतो.